गोव्यात पहिल्यांदा स्वीडिश मसाज घेताय? मग आत काय काय होतं ते आधीच समजून घ्या

सीझन सुरू झाला की सावंतवाडी, बेळगाव, कोल्हापूरहून आमच्याकडे पाहुणे यायला लागतात आणि दोन दिवस फिरून पाय दुखले की हळूच विषय निघतो, इथे चांगला मसाज कुठे मिळेल गं. आणि मग पाठोपाठ खरे प्रश्न येतात. कपडे किती काढायचे, करणारी बाई असते की पुरुष, दुखतं का, मध्येच नको वाटलं तर थांबवता येतं का. हे प्रश्न घरी विचारले जातात पण स्पाच्या काउंटरवर कोणी विचारत नाही, संकोच वाटतो, आणि मग तासाचे पैसे भरून माणूस टेबलवर अंग आखडून पडून राहतो. मी फोंड्यात राहते, दिवसभर कॉम्प्युटरवर काम असतं, मान-खांदे धरतात म्हणून बरीच वर्षं नियमित मसाज घेते, त्यामुळे जे माहीत आहे ते सगळं एकदाच नीट लिहून ठेवतेय. एकच गोष्ट पहिल्यापासून डोक्यात ठेवा, हा तास तुमचा आहे आणि तुम्ही तोंड उघडल्याशिवाय समोरच्याला तुमच्या अंगाचं काही कळणार नाही.

१. आधी ठरवा, तुम्हाला स्वीडिशच हवाय ना?

स्पाच्या मेन्यूवर दहा-बारा नावं असतात आणि लोक सगळ्यात स्वस्त किंवा सगळ्यात लांब नावावर बोट ठेवतात. थोडक्यात फरक सांगते.

स्वीडिश म्हणजे टेबलवर झोपून, तेल लावून, हलक्या ते मध्यम जोराने केलेला मसाज, उद्देश अंग मोकळं करणं आणि डोकं शांत करणं. थाई मसाज कपडे घालून, बहुतेक खाली गादीवर, तेलाशिवाय, हातपाय ओढून-ताणून करतात. डीप टिशूमध्ये अंगठे, कोपर वापरून आतल्या स्नायूपर्यंत जोर देतात, तो पहिल्यांदा घेणाऱ्याने शक्यतो घेऊच नये असं माझं मत आहे. आणि आयुर्वेदिक अभ्यंग वेगळा, त्यात कोमट औषधी तेल भरपूर असतं आणि नंतर बहुधा वाफ देतात. आपल्याला तेल लावून चोळून घेणं काही नवीन नाही, नरकचतुर्दशीला पहाटे घरोघरी तेच होतं, त्यामुळे स्वीडिश मसाज अंगाला फार परका वाटत नाही.

नाव स्वीडिश का, तर श्रेय पेर हेन्रिक लिंग या स्वीडिश माणसाला दिलं जातं, ज्याने १८१३ मध्ये स्टॉकहोमला व्यायामशिक्षणाची मोठी संस्था काढली. पण आज ज्या हाताच्या पद्धती वापरतात त्यांची नीट मांडणी केली योहान गेओर्ग मेझगर या डच डॉक्टरने, आणि त्याने फ्रेंच शब्द वापरले, म्हणून त्या पद्धतींची नावं फ्रेंच आणि मसाज मात्र स्वीडनच्या नावावर.

२. जागा निवडताना

इथे घाई करू नका, सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

कळंगुट, बागा, कांदोळीच्या बीचवर शॅकच्या खाटेवर पडलात की कोणीतरी तेलाची बाटली घेऊन येतं, हेड मसाज, फूट मसाज करत मागे लागतं. घेऊ नका. बीचवर असं फिरून मसाज करणाऱ्यांवर टुरिझम खातं आणि पोलीस कारवाई करत असतात ते एक, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तेल कुठलं, हात धुतलेत का, ट्रेनिंग आहे का, यातलं काहीच कळत नाही, आणि वाळू चिकटलेल्या अंगावर चोळलं की कातडी सोलून निघते. तसंच रस्त्यावर कार्ड वाटणारे, 'स्पेशल सर्व्हिस' म्हणून खालच्या आवाजात बोलणारे, टॅक्सीतून उतरताना 'मैं अच्छा जगह दिखाता हूं' म्हणणारे, या सगळ्यांना सरळ नाही म्हणा आणि चालू लागा.

चांगली जागा ओळखायची कशी:

- आरोग्य खात्याचं लायसन्स भिंतीवर लावलेलं असतं. दिसलं नाही तर विचारा, व्यवस्थित जागा असेल तर ते बिनदिक्कत दाखवतात.
- रेटकार्ड छापील असतं आणि बिल मिळतं.
- बाईला बाई आणि पुरुषाला पुरुष थेरपिस्ट देतात. गोव्यात 'क्रॉस मसाज'ला, म्हणजे बाईला पुरुषाने किंवा पुरुषाला बाईने करण्याला, परवानगी नाही, त्यावरून स्पावर धाडी पडल्याच्या बातम्या आपण वाचतोच. कोणी स्वतःहून क्रॉसची ऑफर दिली तर ती जागा सोडा.
- आत शिरल्यावर कुबट वास येत नाही. पावसाळ्यात हे नक्की बघा, आपल्याकडच्या दमट हवेत टॉवेल नीट सुकले नाहीत की लगेच वास मारतात.
- थेरपिस्टचं ट्रेनिंग कुठलं ते सांगतात. सिडेस्को, सिबटॅक (या दोन्ही ब्युटी-स्पाचं सर्टिफिकेट देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्था) किंवा आपल्याकडच्या स्किल कौन्सिलचं स्पा थेरपिस्टचं सर्टिफिकेट असेल तर उत्तम.

मोठ्या रिसॉर्टमध्येच जायला पाहिजे असं अजिबात नाही. पणजी, म्हापसा, मडगाव, पर्वरीत साधे, स्वच्छ, शहरातलेच लोक जातात असे स्पा आहेत आणि त्यांच्या आणि बीचवरच्या पंचतारांकित हॉटेलच्या रेटमध्ये दुप्पट-तिप्पट फरक असतो. हात तेवढेच चांगले असू शकतात. तुम्ही जास्तीचे पैसे देता ते खोलीचे, स्टीम-शॉवरचे आणि समोर दिसणाऱ्या समुद्राचे, ते हवं असेल तर जरूर द्या.

३. फोन करून हे विचारून घ्या

थेट जाऊन बसू नका, विशेषतः डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, तेव्हा थेरपिस्टला एकामागून एक गिऱ्हाईक असतं, हात थकलेले असतात. सकाळची नाहीतर दुपारची वेळ घ्या.

एक, साठ मिनिटं म्हणजे प्रत्यक्ष मसाज साठ मिनिटं की कपडे बदलणं, आंघोळ धरून साठ. काही ठिकाणी हातात पन्नासच मिनिटं मिळतात. पहिल्यांदा घेणाऱ्याला साठ पुरे, नव्वद नंतर कधीतरी. दोन, सांगितलेला रेट जीएसटी धरून की वेगळा. तीन, शॉवर आहे का. चार, तेल कुठलं, बदलून मिळेल का. आणि पाच, बाई थेरपिस्ट किंवा पुरुष थेरपिस्ट त्या वेळेला नक्की हजर असेल ना. हा शेवटचा प्रश्न पुरुषांनी मुद्दाम विचारा कारण बऱ्याच जागी पुरुष थेरपिस्ट एकच असतो आणि त्याची सुट्टी असली की तिकडे गेल्यावर गोंधळ होतो.

४. या वेळी मसाज घेऊ नका

हा भाग वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका प्लीज, कारण काउंटरवर सगळीकडे हे विचारतीलच असं नाही.

ताप, सर्दी-खोकला जोरात असताना नको. अंगावर नायटा, गजकर्ण, पुरळ, उघडी जखम असेल तर नको, पावसाळ्यात हे आपल्याकडे खूप असतं आणि मसाजने स्वतःच्याच अंगावर आणखी पसरतं, थेरपिस्टलाही लागतं. उन्हाने पाठ भाजली असेल तर दोन-चार दिवस थांबा, लाल झालेल्या पाठीवर तेल चोळणं म्हणजे नुसती शिक्षा.

सगळ्यात गंभीर गोष्ट म्हणजे पायातली रक्ताची गाठ. मुंबई-पुण्याहून रात्रभर बसमध्ये अवघडून बसून आलात किंवा लांबचा विमानप्रवास झाला, आणि एकच पोटरी सुजलीय, गरम लागतेय, दुखतेय, तर मसाज नाही, आधी डॉक्टर. ती गाठ चोळल्याने सुटून फुप्फुसात जाऊ शकते आणि जिवावर बेतू शकतं. लोक नेमकं 'प्रवासाने पाय सुजलेत, जरा चोळून घेतो' म्हणतात म्हणून इतकं ठासून सांगतेय.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, नुकतंच ऑपरेशन झालं असेल, बीपी ताब्यात नसेल, कॅन्सरची ट्रीटमेंट चालू असेल तर डॉक्टरला विचारूनच. डायबेटिसमुळे पायाला बधिरपणा असेल तर नक्की सांगा कारण जोर जास्त झाला तरी तुम्हाला कळणार नाही. गरोदर असाल तर डॉक्टरचं हो घ्या आणि गरोदरपणातल्या मसाजचं ट्रेनिंग असलेलीकडेच जा, तो कुशीवर झोपवून करतात.

आणि दारू. गोव्यात आलोय म्हणून दुपारी दोन बिअर किंवा फेणी घेऊन मग मसाजला जायचं, हे नका करू. चक्कर येते, मळमळतं, आणि जोर जास्त होतोय हे जाणवत नाही. चांगला स्पा प्यायलेल्या माणसाला परत पाठवतो, आणि बरोबर करतो. जेवणाचंही तेच, भरपेट फिश थाळी खाऊन लगेच पालथं झोपवत नाही, दीड-दोन तास जाऊ द्या.

५. सोबत काय असू द्या

फार काही नको. ओळखपत्र, कारण रिसॉर्टमध्ये बाहेरून जाताना गेटवर मागतात. चालू गोळ्यांची नावं किंवा प्रिस्क्रिप्शनचा फोटो. सैल, जुने कपडे, तेलाचे डाग जात नाहीत. केस लांब असतील तर रबरबँड. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर डबी, पालथं झोपल्यावर डोळ्यांवर दाब येतो. टिप द्यायची असेल तर सुटे पैसे. दागिने घरीच ठेवा. मंगळसूत्र, बांगड्या काढायच्या नसतील तर आधी सांगा, त्या तेवढा भाग सांभाळून करतात, कोणी जबरदस्ती करत नाही.

वेळेच्या पंधरा मिनिटं आधी पोचा. उशीर झाला तर तो तुमच्याच तासातून कापला जातो.

६. पोचल्यावर: फॉर्म नीट भरा

एक कागद देतात, आजार, अॅलर्जी, कुठे दुखतं, जोर किती हवा. बहुतेक लोक सगळीकडे 'नाही' टिक करून सही करतात. असं करू नका. बदामाचं तेल स्वीडिश मसाजमध्ये खूप वापरतात, सुक्या मेव्याची अॅलर्जी असेल तर हे लिहिलंच पाहिजे. वासाची तेलं असतात, लॅव्हेंडर वगैरे, मायग्रेनवाल्यांनी बिनवासाचं मागावं. आणि नंतर उन्हात जाणार असाल तर लिंबू किंवा बर्गमॉटचं तेल नको म्हणून सांगा, ती तेलं अंगावर राहून ऊन लागलं की कातडी भाजते, डाग पडतात. आपलं साधं खोबरेल मागितलं तरी चालतं, गोव्यात ते सगळीकडे असतं.

इथेच थेरपिस्टशी दोन मिनिटं बोला. कुठे जास्त वेळ द्यायचा, कुठे हात लावायचा नाही. पोट नको, चेहरा नको, डोक्याला तेल नको, काहीही सांगू शकता. मी नेहमी 'पायाला कमी, खांद्याला जास्त' म्हणून सांगते आणि तसंच मिळतं.

७. कपड्यांचं काय

सगळ्यांना हाच प्रश्न असतो. खोलीत नेतात, वापरून टाकायची पातळ चड्डी देतात, तुम्ही एकट्याने कपडे बदलायचे, थेरपिस्ट तोवर बाहेर थांबते. स्वतःची अंतर्वस्त्रं ठेवलीत तरी चालतं, बायकांनी ब्रा काढायलाच पाहिजे असंही नाही, फक्त हुक असेल तर पाठीवर सलग हात फिरत नाही एवढंच. जेवढं काढून मोकळं वाटेल तेवढंच काढा. मग टेबलवर पालथं झोपून चादर अंगावर ओढायची. ती दार वाजवून येते.

पूर्ण वेळ अंगावर चादर किंवा मोठा टॉवेल असतो. जो भाग चालू आहे तेवढाच उघडा. पाठ करताना चादर कंबरेपर्यंत दुमडून कडेला खोचते, एक पाय करताना तेवढाच पाय बाहेर काढून चादर दुसऱ्या मांडीखाली दाबून ठेवते. उताणं व्हायची वेळ आली की चादरीची एक कड स्वतःच्या मांडीने टेबलला दाबून धरते, दुसरी कड उंच उचलते, मान दुसरीकडे वळवते आणि तुम्ही आतल्या आत कूस बदलता. हे इतकं सफाईने होतं की पहिल्यांदाच येणाऱ्याचाही जीव भांड्यात पडतो. जिथे चादर वापरतच नाहीत तिथे 'चादर दो' म्हणून मागा, आणि नाही दिली तर उठा.

८. प्रत्यक्ष मसाज

टेबलला डोक्याकडे मऊ गादीचं गोल भोक असतं, त्यात चेहरा ठेवायचा. कपाळ आणि गाल टेकले पाहिजेत, हनुवटी लटकती नको. मान ताणल्यासारखी वाटली किंवा नाक दाबलं गेलं तर लगेच सांगा, ते वर-खाली होतं. घोट्याखाली छोटी लोडासारखी उशी देतात, त्याने कंबर सुटते, दिली नाही तर मागा.

सुरुवातीला हात नुसतेच पाठीवर ठेवतात. मग तेल स्वतःच्या तळव्यात गरम करून कंबरेपासून खांद्यापर्यंत मणक्याच्या दोन्ही बाजूंनी लांब हात फिरवतात, खांद्यावरून बाहेर आणि बरगड्यांवरून परत खाली. याला एफ्लुराज म्हणतात. स्वीडिशचा जीव या लांब हातात असतो, सगळं अंग एकसंध वाटायला लागतं. अंग गरम झालं की पेट्रिसाज, म्हणजे खांद्याचे, मांडीचे स्नायू धरून कणीक मळल्यासारखे उचलून दाबायचे. मग खांद्याच्या फऱ्याच्या आतल्या कडेला अंगठ्याने छोटे छोटे गोल, कॉम्प्युटरवर बसणाऱ्यांच्या गाठी नेमक्या इथेच असतात आणि अंगठा गाठीवर आला की मानेपर्यंत कळ जाते. ती कळ हवीहवीशी वाटली तर ठीक, दात आवळावेसे वाटले तर जोर जास्त झाला. शेवटी कधी कधी हाताच्या कडेने किंवा तळवे खोलगट करून भराभर थापट्या मारतात, आणि हात थरथरवून स्नायू हलवतात. थापट्या काहींना अजिबात आवडत नाहीत, नको म्हणून सांगा.

मणक्याच्या हाडावर थेट जोर द्यायचा नसतो. कोणी मानेला झटका देऊन कट् आवाज काढायला लागलं तर थांबवा, तो स्वीडिशचा भाग नाही.

क्रम साधारण असा: पाठ, पायांची मागची बाजू, मग उताणं, पाय, हात, शेवटी मान आणि डोकं. पायावर हात घोट्याकडून वर, हृदयाच्या दिशेने फिरतात.

झोप लागेल, घोरालही, पोट गुडगुडेल, गॅस होईल, लाळ गळेल. त्यांना याची रोजची सवय आहे. पुरुषांना कधी कधी नकळत शारीरिक प्रतिक्रिया होते, तीही फक्त अंग सैल पडल्यामुळे. काही बोलायचं नाही, काही करायचं नाही, आपोआप जाते. त्यावरून थेरपिस्टला काही सुचवणं हा तिचा किंवा त्याचा सरळ अपमान आहे आणि मसाज तिथेच संपतो.

९. बोलायचं कसं

गोव्यातल्या स्पामध्ये बऱ्याच थेरपिस्ट मिझोराम, नागालँड, मणिपूर, दार्जिलिंगकडच्या असतात, काही केरळच्या. मराठी-कोकणी कळेलच असं नाही, आणि हिंदीही मोजकं असू शकतं. त्यामुळे छोटी वाक्यं. 'थोडा हल्का.' 'थोडा और जोर से.' 'यहां मत करो.' 'यहां और.' 'एसी कम करो.' बस एवढी पाच वाक्यं पाठ ठेवा. तेल लावलेलं अंग एसीत पटकन गार पडतं आणि गार पडलेला स्नायू सैल होत नाही, तेव्हा पाचवं वाक्य खरंच महत्त्वाचं आहे.

जोर बरोबर आहे का हे ओळखायची खूण, श्वास रोखला जातोय का, पायाची बोटं आवळली जातायत का. तसं होत असेल तर कमी करायला सांगा. 'पैसे दिलेत तर जोरात झालं पाहिजे' हा समज डोक्यातून काढा, आणि 'तिला वाईट वाटेल' हाही. उलट सांगितलं की त्यांचं काम सोपं होतं. बाकी गप्पा मारायची गरज नाही, गप्प राहिलात तर कोणी उद्धट समजत नाही. आणि त्या दिवसभर उभ्या राहून स्वतःच्या मनगटावर ही मेहनत करतात, तेव्हा नाव विचारा, नीट बोला.

१०. काही खटकलं तर

हात नको तिथे गेला, चादर विनाकारण बाजूला केली, 'एक्स्ट्रा'च्या गोष्टी सुरू झाल्या, तर शेवटपर्यंत सहन करत पडून राहू नका. 'रुको' म्हणा, उठून बसा, चादर गुंडाळा, तिला बाहेर जायला सांगा, कपडे घाला आणि मॅनेजरला सांगा. कारण देत बसायची गरज नाही. कोणी अडवायला किंवा धमकवायला लागलं तर ११२ लावा. बायकांनी पहिल्या वेळी शक्यतो कोणाला तरी सोबत न्या, मैत्रीण बाहेर बसली तरी पुष्कळ धीर असतो.

११. संपल्यावर

लगेच उठू नका. कुशीवर वळा, दोन मिनिटं बसा, मग पाय खाली सोडा. झटकन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि तळव्यांना तेल असतं, घसरून पडाल, त्यामुळे तळवे पुसून घ्या. चहा किंवा पाणी देतात ते प्या. 'पाणी प्यायलं की टॉक्सिन निघून जातात' असं सांगतील, त्याला काही आधार नाही, तहान लागते म्हणून प्यायचं.

लगेच भाड्याच्या अॅक्टिव्हावर बसून हायवेला लागू नका, अर्धा तास डोकं जड असतं. त्याच दिवशी उन्हात बीचवरही नको. रात्री हलकं जेवा, पेज नाहीतर कढी-भात, आणि लवकर झोपा, त्या रात्रीची झोप खरंच वेगळी लागते. दुसऱ्या दिवशी थोडं अंग ठणकलं तर घाबरू नका, एक-दोन दिवसांत जातं. काळंनिळं पडलं किंवा दुखणं वाढतच गेलं तर डॉक्टरला दाखवा.

कंबरदुखी, मानदुखी असेल तर थोडे दिवस आराम वाटेल, पण तो कायमचा इलाज नाही. बोटांना मुंग्या येत असतील, पायात कळ उतरत असेल तर फिजिओ किंवा ऑर्थोपेडिक गाठा, मसाजवर पैसे घालवत बसू नका.

टिप सक्तीची नाही. काम आवडलं तर शंभर-दोनशे रुपये थेरपिस्टच्या हातात द्या, काउंटरवर दिले की तिच्यापर्यंत पोचतातच असं नाही. बिल बघून घ्या. काउंटरवर दहा सेशनचं पॅकेज गळ्यात मारायला बघतील, पहिल्याच दिवशी घेऊ नका, बाहेरून येणाऱ्यांचं ते वाया जातं आणि इथल्यांनी निदान दोन-तीनदा जाऊन मग ठरवावं. जून ते सप्टेंबर गर्दी नसते, बरेच स्पा रेट कमी करतात आणि घाई न करता करतात, तेव्हा जमलं तर पावसाळ्यात या आणि ज्या थेरपिस्टचा हात आवडला तिचंच नाव सांगून बुकिंग करा.